जर्सी कुणाची? घालणाऱ्याची की जपणाऱ्याची?

समजा सचिनने एखाद्या मॅचमध्ये वापरलेली बॅट तुमच्याकडे आहे. बाबांच्या कुठल्यातरी मित्राने दिलेली. तुम्ही ती काचेच्या पेटीत ठेवली आहे, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवता. आणि एक दिवस दारावरची बेल वाजते, बाहेर साक्षात सचिन! तो म्हणतो, "ती बॅट माझी आहे, मला परत हवी." आता सांगा, काय कराल?

हसू नका, ही फक्त कल्पना नाही. परदेशात खेळाडू, त्यांचे घरचे, संग्राहक आणि लिलाव कंपन्या यांच्यात असे वाद खरोखर होतात. कधी प्रकरण कोर्टात जातं, तर कधी थेट पोलिसांकडे. मॅचमध्ये प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूंना तिकडे 'गेम-यूज्ड मेमोरेबिलिया' असं भारदस्त नाव आहे. जर्सी, बूट, बॅट, बॉल, टोपी, अगदी घामाचे डागसुद्धा! धुतलेल्या शर्टापेक्षा न धुतलेला शर्ट महाग असणारं जगातलं हे बहुधा एकमेव मार्केट असावं.

या विषयावर वाचायला लागले तेव्हा माझं मत साधं होतं. ज्याने घाम गाळला, वस्तू त्याची. पण जसजसं वाचत गेले तसतसं लक्षात आलं की कायदा घामाकडे बघत नाही. ती वस्तू खेळाडूच्या हातून कशी गेली, एवढंच कायदा विचारतो.

मुळात ती त्याची होती का?

पहिला धक्का इथेच बसतो. अमेरिकन बेसबॉलमध्ये पूर्वी गणवेश क्लबच्या मालकीचे असत. लोकरी कापडाचे जाड शर्ट; सीझन संपला की ते सरावाला वापरायचे किंवा खालच्या दर्जाच्या संघांना पाठवायचे. आपल्याकडे दादाचा शर्ट धाकट्याला येतो ना, अगदी तसं! फाटेपर्यंत वापरायचे. उद्या याला किंमत येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, खेळाडूच्याही नाही.

आणि आज? बेब रूथने १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये घातलेली जर्सी ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरला विकली गेली. मायकेल जॉर्डनची १९९८ च्या फायनल्समधली जर्सी २०२२ मध्ये १ कोटी १ लाख डॉलरला गेली. आकडे बघून डोळे फिरतात. त्यामुळे 'माझी जुनी जर्सी कुठे गेली हो?' असं एखाद्या निवृत्त खेळाडूला वाटलं तर त्यात नवल काय? पण 'मी घातली होती' आणि 'माझी होती' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

बॉलचं तर याहून गमतीशीर. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत गेलेला बॉल पकडणाऱ्याचा होतो. बॅरी बॉन्ड्सने २००१ मध्ये एका सीझनमधला ७३ वा होमरन मारला तेव्हा बॉल आधी एका प्रेक्षकाच्या ग्लोव्हमध्ये आला, मग झुंबड उडाली आणि शेवटी तो दुसऱ्याच्याच हातात निघाला. दोघेही कोर्टात! २००२ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की बॉल विका आणि पैसे अर्धे-अर्धे वाटून घ्या. २००३ मध्ये साडेचार लाख डॉलर आले. मजा म्हणजे ज्याने तो मारला, त्या बॉन्ड्सचा या वाटणीत काहीच हिस्सा नव्हता.

वस्तू जाण्याचे तीन रस्ते

आता वस्तू खरंच खेळाडूची होती असं धरू. ती त्याच्या हातून जाण्याचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत.

रस्ता पहिला - स्वतःहून दिली. म्हणजे भेट, विक्री किंवा अदलाबदल. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाचा तो 'हँड ऑफ गॉड' गोल आणि चार मिनिटांनी शतकातला सर्वोत्तम म्हटला जाणारा दुसरा गोल. मॅच संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी शर्टाची अदलाबदल केली. (गंमत बघा, पहिल्या गोलच्या वेळी चेंडू मॅराडोनाकडे उंच उडाला तो याच हॉजच्या पायाला लागून!) हॉजने शर्ट जपून ठेवला, बरीच वर्षं इंग्लंडच्या फुटबॉल म्युझियमला बघायला दिला आणि मे २०२२ मध्ये लिलावात काढला. किंमत आली ७१ लाख पौंडांच्या वर. तोवर मॅराडोना जाऊन दीड वर्ष झालं होतं. हा शर्ट अर्जेंटिनात परत यावा असं तिथल्या लोकांना फार वाटत होतं. भावना शंभर टक्के खरी, पण अदलाबदल झाली ती झाली. हॉजचा शर्टही मॅराडोनाकडे गेलाच होता की!

भेटीचंही तसंच. सर डॉन ब्रॅडमनने १९४७-४८ च्या मालिकेतली आपली हिरवी टोपी भारतीय संघाचे मॅनेजर पंकज गुप्ता यांना भेट दिली होती. ती २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिडनीला लिलावात पावणेपाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. त्याच दौऱ्यातली ब्रॅडमनची आणखी एक टोपी महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या रंगा सोहोनींना मिळाली होती आणि सोहोनी कुटुंबाने ती पिढ्यान्पिढ्या सांभाळली. आपल्या कायद्यातही एकदा खुशीने दिलेली आणि समोरच्याने घेतलेली भेट मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. आजी म्हणायची, दिल्या दानाची आठवण ठेवू नये. कायदा आजीच्याच बाजूने आहे!

रस्ता दुसरा - चोरी. फेब्रुवारी २०१७ मध्ये टॉम ब्रेडीने सुपर बोल जिंकला आणि ड्रेसिंग रूममधून त्याची जर्सी गायब झाली. ह्यूस्टनच्या पोलिसांनी किंमत लावली पाच लाख डॉलर. तपास थेट मेक्सिकोपर्यंत गेला आणि एका वृत्तपत्राच्या माजी संचालकाकडे जर्सी सापडली. हा माणूस पत्रकार म्हणून ड्रेसिंग रूममध्ये शिरला होता. महत्त्वाचं म्हणजे तपासाला धागा मिळाला तो एका तरुण संग्राहकाकडून. त्यामुळे संग्राहक म्हणजे व्हिलन असं समजू नका.

चोरीच्या बाबतीत कायदा खेळाडूच्या बाजूने उभा राहतो. आपला १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्यापेक्षा जास्त हक्क विकत घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवता येणार नाही! तुम्ही चोरीची बॅट कितीही प्रामाणिकपणे आणि पूर्ण किंमत देऊन घेतली असली, तरी साधारणपणे मूळ मालक ती परत मागू शकतो. फक्त वेळेचं भान हवं. वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

पण हक्क असूनही वस्तू हाती येईलच असं नाही. बेसबॉलचा महान खेळाडू योगी बेरा याच्या चॅम्पियनशिपच्या अंगठ्या त्याच्याच नावाच्या म्युझियममधून २०१४ मध्ये चोरीला गेल्या. २०२३ मध्ये आरोपी सापडले तेव्हा समजलं, की चोरांनी अंगठ्या वितळवून टाकल्या. इतिहास गेला, हाती उरलं फक्त सोन्याचं वजन.

रस्ता तिसरा, आणि सगळ्यात अवघड - 'दिली' की 'ठेवायला दिली'? कोबी ब्रायंट शाळेतून थेट एन.बी.ए.त गेला. त्याच्या शाळेच्या वेळच्या जर्सी आणि इतर वस्तू आईवडिलांच्या घरी राहिल्या. २०१३ मध्ये आईने त्या एका लिलाव कंपनीकडे सोपवल्या आणि साडेचार लाख डॉलर आगाऊ घेतले. आई म्हणाली, त्याने त्या मला दिल्या होत्या. कोबी म्हणाला, मी कधीच दिल्या नाहीत. कंपनीने कोर्टात धाव घेतली. शेवटी समझोता झाला, आईवडिलांनी जाहीर माफी मागितली, मोजक्याच वस्तू विकल्या गेल्या आणि बाकीच्या कोबीला परत मिळाल्या. कोर्टाने निकाल द्यायची वेळ आली नाही. पण मला वाटतं, जिंकणारं त्यात तसंही कुणी नव्हतं. आई आणि मुलगा यांच्यात पावती कोण घेतं हो? आणि नेमकी तीच पावती शेवटी लागते.

शर्ट तोच कशावरून?

आता थोडं आपल्या इंजिनिअरिंगचं. मॅराडोनाच्या शर्टाचा लिलाव जाहीर झाला तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, हा पहिल्या हाफमधला शर्ट आहे, गोल झाले तेव्हाचा नव्हेच! मग लिलाववाल्यांनी काय केलं? 'फोटो-मॅचिंग'.

तत्त्व अगदी सोपं आहे. कारखान्यात एकसारखे दिसणारे दोन शर्टसुद्धा तंतोतंत एक नसतात. नंबर शिवताना तो एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकतो, पट्टा शिवणीपाशी वेगळ्या जागी कापला जातो, टाका तिरका पडतो. आपण वर्कशॉपमध्ये 'टॉलरन्स' शिकलो, तोच हा! आपल्याला परीक्षेत नडणारा टॉलरन्स इथे शर्टाचा अंगठ्याचा ठसा बनतो. मॅचच्या वेळचे स्पष्ट फोटो मोठे करून शर्टाशी खुणा जुळवत जायचं. जितक्या जास्त खुणा जुळतील, तितका योगायोग अशक्य.

मॅराडोनाच्या शर्टाला तर नशिबाने जास्तच खुणा होत्या. उन्हात हलके शर्ट हवेत म्हणून अर्जेंटिनाच्या लोकांनी मॅचच्या आधी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून निळे शर्ट विकत आणले आणि घाईघाईत त्यावर बिल्ले आणि चंदेरी नंबर लावले. घाईचं काम म्हणजे प्रत्येक शर्ट वेगळा! आमच्या सबमिशनसारखंच. तज्ज्ञांनी खुणा जुळवल्या आणि हा दुसऱ्या हाफमधलाच शर्ट आहे असं सांगितलं.

नव्या वस्तूंसाठी याहून सरळ पद्धत आहे. खोट्या सह्यांचा धंदा अमेरिकेत फार बोकाळला होता, म्हणून २००१ पासून तिथल्या मेजर लीग बेसबॉलने प्रत्येक मॅचला आपला साक्षीदार ठेवायला सुरुवात केली. बॉल मैदानातून बाहेर आला की त्याच्या डोळ्यांसमोर होलोग्राम लागतो, त्यावर स्वतंत्र नंबर असतो आणि तो नंबर डेटाबेसमध्ये जातो. म्हणजे वस्तूचा जन्मदाखलाच! पण लक्षात घ्या, वस्तू खरी आहे हे यातून सिद्ध होतं. ती कुणाची आहे हे नाही.

आणि आपल्याकडे?

हे सगळं वाचून 'श्रीमंत देशांची श्रीमंत भांडणं' असं म्हणून मी पान उलटणार होते, तेवढ्यात बलबीर सिंग सीनियर यांच्याबद्दल वाचलं.

१९४८, १९५२, १९५६ - हॉकीची तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या संघांत ते होते. १९५२ च्या फायनलमध्ये भारताच्या सहा गोलांपैकी पाच एकट्या त्यांचे. १९८५ मध्ये त्यांनी आपली ३६ पदकं, मेलबर्न ऑलिंपिकचा कॅप्टनचा ब्लेझर आणि शंभरावर दुर्मिळ फोटो स्पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडियाला दिले. विकले नाहीत हं, दिले! खेळांचं एक म्युझियम होणार होतं, त्यासाठी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या प्रदर्शनासाठी त्यांना या वस्तू हव्या होत्या. उत्तर मिळालं की अशा काही वस्तू आमच्याकडे नाहीत. घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २५ मे २०२० रोजी बलबीर सिंग गेले, वस्तू तोवर मिळालेल्या नव्हत्या.

इथे लिलाव नाही, कोट्यधीश संग्राहक नाही, आणि समोर कुणी 'ही माझी आहे' असं म्हणणाराही नाही. हॉजकडे शर्ट होता तेव्हा तो निदान म्युझियममध्ये बघता तरी येत होता. म्हणून आता मला वाटतं, जपणाऱ्याला नावं ठेवण्याआधी आपण हरवणाऱ्यांकडे बघायला हवं.

आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचीही आठवण येते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबाने जाहीर केलं की गावात कुस्ती अकादमीचं आश्वासन पाळलं जात नाही, म्हणून पदक लिलावात काढून त्या पैशातून अकादमी उभारू. ज्या घराने पदक जीव लावून जपलं, त्याच घराला ते विकायचं बोलावं लागलं, यापेक्षा वाईट काय?

मग जर्सी कुणाची?

कायद्याचं उत्तर आता तुम्हाला पाठ झालं असेल. खुशीने दिली तर घेणाऱ्याची, चोरली तर मूळ मालकाची, आणि 'ठेवायला दिली' असेल तर ज्याच्याकडे पुरावा त्याची. खेळाडूला परत हवीच असेल तर दोनच सरळ मार्ग उरतात - विकत घेणं, किंवा विनंती करणं. आणि विनंतीसुद्धा काम करते बरं का! डेरेक जीटरने २०११ मध्ये आपला ३००० वा हिट मारला, तो होमरन होता. बॉल पकडणाऱ्या तरुण चाहत्याने तो मागायच्याही आधी जीटरला देऊन टाकला. लाखो डॉलरवर पाणी सोडलं म्हणून लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मला तो वेडा वाटत नाही.

आपल्यापुरतं सांगायचं तर जिमखान्याच्या कपाटातल्या ट्रॉफ्या, जुन्या टीमचे फोटो, कुणीतरी कधीतरी 'कॉलेजला राहू दे' म्हणून दिलेली बॅट, या सगळ्यांची एक साधी यादी करता येईल. वस्तू काय, कुणी दिली, कधी दिली, कायमची की ठेवायला, सोबत एक फोटो आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या. एक्सेलची एक शीट, एका रविवारचं काम. फेस्टच्या स्पॉन्सरशिपचा हिशेब आपण ठेवतोच ना? मग हेही ठेवू. चाळीस वर्षांनी एखादे आजोबा नातवाचा हात धरून जिमखान्यात आले आणि म्हणाले, "माझी बॅट इथे होती," तर त्यांना "अशी वस्तू आमच्याकडे नाही" हे उत्तर मिळू नये. एवढंच.