बुलेटचा दिवा आणि विजेची परतीची वाट

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारसायकलच्या वायरिंगवर लेख द्यावा, हे ऐकून आमचे संपादक मंडळ प्रथम हसले. त्यांना दोष देत नाही. वर्षभरापूर्वी माझाही विजेशी संबंध बटन दाबण्यापुरताच होता.

आमच्या घरी १९७६ सालची बुलेट आहे. माझ्या आजोबांनी (सारे घर त्यांना अण्णा म्हणते) प्राथमिक शिक्षकाच्या पगारावर कर्ज काढून ती घेतली होती. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि वीज अवघी सहा व्होल्टची. अण्णांचे गुडघे दुखू लागल्यापासून गाडी मी चालवते आणि अण्णा मागे बसतात.

२०२४ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही पाटणहून कराडकडे येत होतो. हंगाम उसाचा. पुढचा दिवा आधीच पिवळा पडलेला होता. मल्हारपेठ मागे टाकल्यावर रस्त्यातल्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि तो विझलाच. इंजिन मात्र चालू! अण्णांनी माझ्या खांद्यावर जोराने थाप मारली. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली तेव्हा समोर हातभर अंतरावर उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे ना दिवा, ना लाल पट्टी.

त्या रात्री बाबांनी गाडी भंगारात घालायची असे ठरवले. मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्याआधी आम्ही गॅरेज केले नव्हते असे नाही. गॅरेजवाल्याने (तो माझ्याशी न बोलता सारे अण्णांनाच सांगत असे) आधी बल्ब बदलला, मग बॅटरी, मग दिव्याचे बटन. साडेतीन हजार रुपये गेले आणि दिवा होता तसाच मिणमिणत राहिला. पुढे माझ्या ध्यानात आले की ही दुरुस्ती नव्हे, ही सोडत आहे. एकेक भाग बदलत जायचे आणि नशिबाने दोष सापडला तर सापडला.

आता थोडे यंत्राविषयी. इंजिन फिरते तेव्हा आल्टरनेटर वीज तयार करतो, परंतु ती क्षणोक्षणी दिशा बदलणारी असते. रेक्टिफायर तिला एका दिशेने वाहायला लावतो आणि ती बॅटरीत साठते. बॅटरीत दोन-दोन व्होल्टची तीन घरे, म्हणून सहा व्होल्ट. बॅटरीतून निघालेली वीज अँमीटर, किल्ली व बटने यांतून फिरून दिवा, हॉर्न आणि ठिणगीची कॉइल यांच्यापर्यंत जाते. इथपर्यंत कोणीही सांगेल. मात्र दिव्यापर्यंत गेलेली वीज बॅटरीकडे परत यावी लागते, हे मी शाळेत पाठ केले होते आणि साफ विसरले होते. मोटारसायकलीत परतीसाठी प्रत्येक ठिकाणाहून निराळी वायर बॅटरीपर्यंत नेत नाहीत. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट असते. तिलाच आपण अर्थिंग म्हणतो.

बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे ते मात्र आधी पाहावे. काही जुन्या गाड्यांत ते धन टोक असते. न पाहता उलटी बॅटरी जोडली तर रेक्टिफायर जळतो.

सहा व्होल्टची गाडी सांध्यांच्या बाबतीत इतकी हळवी का, हे एका हिशेबावरून कळेल. पस्तीस वॅटच्या बल्बला बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर वीज लागते, सहा व्होल्टवर सुमारे सहा. समजा, एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.२ ओहम आहे. बारा व्होल्टच्या गाडीत तिथे ०.६ व्होल्ट खर्ची पडतील, म्हणजे विसावा हिस्सा. सहा व्होल्टच्या गाडीत १.२ व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा! शिवाय बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो.

असो. मी एक टेस्ट लॅम्प तयार केला. सहा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा. चिमटा इंजिनच्या स्वच्छ बोल्टला लावला आणि दुसरे टोक बॅटरीपासून एकेका सांध्याला टेकवत दिव्यापर्यंत गेले. सगळीकडे बल्ब लख्ख पेटला. मी विजयी मुद्रेने जाहीर केले की वायरिंगमध्ये काहीही दोष नाही.

अण्णा ओट्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "अगं, तुझा बल्ब पेटला, गाडीचा कुठे पेटलाय?"

त्या एका वाक्याने माझी चूक कळली. चूक एक नव्हे, दोन होत्या. पहिली अशी की माझ्या चिमुकल्या बल्बला अर्धा अँपिअरही पुरे होता. अरुंद बोळातून एक माणूस सहज जातो, पण वरात अडते, तसा किडका सांधा अर्धा अँपिअर जाऊ देतो आणि सहा अँपिअर अडवतो. म्हणून सांध्याची परीक्षा गाडीचा दिवा चालू ठेवूनच घ्यायला हवी. दुसरी चूक मोठी. चिमटा इंजिनला लावल्यामुळे मी विजेची जाण्याची वाट तेवढी तपासली होती. दिव्यापासून परतीची वाट मी पाहिलीच नव्हती.

शेजारून मल्टिमीटर आणला. इंजिन बंद ठेवून दिवा लावला (फार वेळ लावू नये, बॅटरी उतरते). बॅटरीच्या दोन टोकांत ६.१ व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांत ४.३. म्हणजे वाटेत १.८ व्होल्ट हरवले होते. दिव्याला त्याच्या प्रकाशाचा तिसरा हिस्साही मिळत नव्हता. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या वीज देणाऱ्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या वीज घेणाऱ्या टोकाला लावली. आकडा ०.५. जाण्याच्या वाटेवरचे नुकसान एवढेच. शेवटी बल्बची अर्थिंगची बाजू आणि बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले टोक यांमध्ये मीटर धरला. १.३! साडेतीन हजार रुपयांत या बाजूला कोणी हातही लावला नव्हता.

हीच रीत इतर दोषांनाही लागू पडते. फ्यूज पुनःपुन्हा जळत असेल तर फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडावा. सारे बंद असता तो लख्ख पेटला तर वायर कुठे तरी सांगाड्याला चिकटली आहे. एकेक फाटा सोडवत जावे. ज्या फाट्याला बल्ब विझेल तिथे दोष. चार्जिंगची शंका असेल तर इंजिन जरा वाढवून बॅटरीवर मीटर धरावा. सहा व्होल्टच्या बॅटरीवर आकडा सातच्या आसपास चढला पाहिजे. गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल आणि निवल्यावर सुरू होत असेल, तर कॉइलचा किंवा कंडेन्सरचा संशय घ्यावा. कॉन्टॅक्ट पॉइंटमधले अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. बुलेटचा अँमीटर तर फुकटचा डॉक्टर आहे. किल्ली लावून किक हळूहळू दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट काजळले असतील किंवा वाट तुटली असेल.

आमच्या दिव्याची अर्थिंगची वायर टाकीखाली सांगाड्याला एका स्क्रूने आवळलेली होती. टाकी काढली. स्क्रू घट्ट, वायर धड, काही दोष दिसेना. स्क्रू सोडवला तेव्हा वॉशरखाली सुंदर, गुळगुळीत हिरवा रंग दिसला. रंग वीज वाहू देत नाही. स्क्रूच्या आट्यांतून जी काय वीज निसटत होती, तेवढ्यावर दिवा जगला होता.

तो रंग अण्णांनी दिलेला होता. २०२२ साली मी कॉलेजात दाखल झाले, तेव्हा गाडी मला द्यायची म्हणून आठ दिवस खपून त्यांनी सांगाडा स्वतः घासला आणि रंगवला होता. कोपरान् कोपरा. मी काही बोलले नाही. तेच उठून जवळ आले, चष्मा वर करून त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि आत जाऊन पॉलिश पेपर घेऊन आले.

रुपयाएवढी जागा उघड्या लोखंडापर्यंत घासली, वायरचे टोक घासले, स्क्रू आवळला. पुन्हा मीटर धरला. अर्थिंगच्या बाजूला ०.१, बल्बवर ५.४. जाण्याच्या वाटेवरचा अर्धा व्होल्ट बटनाच्या सांध्यांत आहे, तो सुट्टीत पाहीन. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा समोरच्या गोठ्याची भिंत पांढरी दिसली आणि बाबा बाहेर येऊन पाहून गेले.

उघडे लोखंड गंजेल म्हणून मी ग्रीसचा डबा शोधत होते. अण्णा म्हणाले, "ग्रीस लाव. मग हवा तर रंगही लाव, पण सगळ्यात वरून."