घराच्या भिंतींस चढणारी ओल : तिची पारख व उपाय

पिकावर कीड पडली तर शेतकरी त्याच दिवशीं बांधावर जाऊन पाहतो. परंतु तें पीक ज्या घरांत आणून ठेवावयाचें, त्या घराच्या भिंतीस खालून ओल लागली तर वर्षेंच्या वर्षें तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. कोपऱ्यांतील रंगाचे पोपडे निघतात, पायथ्याशीं पांढरी भुकटी सांचते, माजघरांत कुबट वास येऊं लागतो. दिवाळीस पुन्हां रंग दिला जातो आणि पुढील दिवाळीस पुन्हां तोच प्रकार दिसतो. शेवटीं भिंतीलगतच्या पोत्यांतील तूर बुडाशीं बुरसते, बियाण्याची उगवण कमी पडते, चौकटीस वाळवी लागते, तेव्हां घरधनी जागा होतो. या ओलीचें कारण काय, ती ओळखावी कशी व थोडक्या खर्चांत तिला आवर कसा घालावा, याचा विचार आम्हीं येथें करणार आहों.

कंदिलाची वात खालचें तेल वर ओढून घेते, हें सर्वांच्या पाहण्यांतील आहे. भिंत हीहि एक मोठी वातच होय. वीट, जांभा, मातीचा दर्जा, चुना या सर्वांत डोळ्यांस न दिसणारीं सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांतून जमिनींतील पाणी वर चढतें. काळा दगड स्वतः पाणी फारसें पीत नाहीं. परंतु दोन दगडांमधील माती व भिंतीच्या पोटांतील भर पाणी पिते. ही ओल सामान्यतः तीन फुटांपर्यंत चढते व त्याहून फार वर क्वचितच जाते. पाण्याबरोबर जमिनींतील क्षारहि वर येतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात व गिलाव्यास आंतून फोडतात. यासच आपण लोणा लागणें म्हणतों.

या लोण्याचें एक विशेष असें, कीं तो हवेंतील ओलावाहि शोषून घेतो. म्हणून पावसाळी हवेंत जुना लोणा धरलेली भिंत, खालून पाणी येत नसतांहि, ओलसर दिसते. जेथें गुरांचा गोठा घराच्या भिंतीस लागून आहे तेथें मूत्राच्या झिरपण्यानें हा दोष फार बळावतो. बिहार प्रांतांत एके काळीं जुन्या मातीच्या भिंती व गोठ्यांच्या जमिनी खरवडून बंदुकीच्या दारूसाठीं सोरा काढीत असत, एवढें सांगितलें म्हणजे अशा भिंतींत किती क्षार सांचतात याची कल्पना येईल. युरियाचीं व मिठाचीं पोतीं भिंतीस लावून ठेवल्यानेंहि हीच हानि होते.

आतां पारख. प्रत्येक ओल जमिनींतूनच येते असें नाहीं, आणि रोग एक व औषध दुसरें झालें म्हणजे पैसा पाण्यांत जातो. छपराची किंवा माळवदाची गळती वरून खालीं उतरते व पावसाबरोबर येते-जाते. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा बसून आंत आलेली ओल कोठेंहि डागाडागांनीं दिसते. नळाची किंवा मोरीची गळती एकाच जागीं, बारा महिने, सारखी असते. जमिनींतून चढणारी ओल मात्र पायथ्यापासून निघते, भिंतीच्या लांबीभर जवळजवळ सारख्या उंचीवर थांबते, व तिच्या वरच्या कडेस पिंवळट-तपकिरी पट्टा किंवा लोण्याची रेघ उमटते. उन्हाळ्यांत ती उतरते, पण सहसा समूळ जात नाहीं.

थंडीच्या दिवसांत स्वयंपाकाची वाफ गार भिंतीवर बसूनहि ओल धरते. ती ओळखण्यासाठीं स्वच्छ पुसलेल्या भिंतीवर वीतभर ॲल्युमिनियमचा पातळ कागद चारी बाजूंनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब कागदाच्या बाहेरील अंगास आले तर ओल घरांतील हवेची. आंतील अंगास आले तर ती भिंतींतून येणारी होय.

याखेरीज एक साधी नोंद प्रत्येकानें ठेवावी असें आम्हीं आग्रहानें सांगतों. महसुली कामांत जागेवर जाऊन केलेली पाहणी व तारखेची नोंद यांस जें महत्त्व, तेंच येथेंहि आहे. ओल जेथपर्यंत आली असेल तेथें पेन्सिलीनें बारीक रेघ मारून तारीख घालावी व दर दोन महिन्यांनीं असेंच करावें. वर्षभरांत त्या रेघा स्वतःच सांगतील, कीं ओल चढते आहे, उतरते आहे, कीं पावसावर अवलंबून आहे. पुढें उपाय केल्यावर गुण आला कीं नाहीं, हेंहि त्यावरूनच कळेल.

आमच्या माहितीच्या एका शेतकरी गृहस्थानें घराच्या दगड-मातीच्या भिंतीस चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला व वर तेलाचा रंग दिला. एक वर्ष भिंत देखणी दिसली. दुसऱ्या वर्षीं गिलाव्याच्या वर, पांच फुटांवर, ओल उमटली. कारण उघड आहे. पूर्वी जें पाणी भिंतीच्या अंगांतून उडून जात असे, त्याची वाट सिमेंटनें बंद झाली. मग तें वाट शोधीत वर चढलें. मातीच्या भिंतीस तर याहून मोठा धोका आहे. आंत कोंडलेल्या पाण्यानें तिचा पायथा मऊ होतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एखाद्या पावसाळ्यांत बसते. सदर गृहस्थास त्या गिलाव्याचा खर्च तर आलाच, शिवाय तो उखडण्याची मजुरीहि पडली, आणि त्या खोलींतील भुईमुगाचें बियाणें गेलें तें वेगळेंच.

उपायांचा आरंभ घराबाहेरून करावा, व तो फावडें-घमेल्यानें करावा. राष्ट्रीय इमारत संहितेंत जोत्याची उंची भोंवतालच्या जमिनीहून निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, असावी असें सांगितलें आहे. जुन्या घरांचीं जोतीं उंच होतीं. परंतु रस्त्यावर थरावर थर पडत गेले, अंगणांत भर पडली, उकिरडा भिंतीस टेकला, आणि पुष्कळ ठिकाणीं बाहेरची जमीन घरांतील जमिनीच्या बरोबर आली. ही चढलेली माती काढून टाकावी. मात्र पायाच्या बुडाखालीं खणूं नये; तसें केल्यास भिंत खचेल. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीची पट्टी बाहेर उतार देऊन बांधावी, पागोळ्यांचें पाणी पन्हळीनें दूर न्यावें, आणि गोठा व भिंत यांत अंतर पाडावें.

न्हाणीच्या व नळाच्या पाण्याकडे विशेष पाहावें. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं केंद्र सरकारनें जलजीवन मोहीम जाहीर केल्यानंतर असंख्य घरांपर्यंत नळ आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आलेल्या पाण्याच्या निचऱ्याची सोय जेथें झाली नाहीं, तेथें तें जोत्याशींच मुरतें. त्यासाठीं शोषखड्डा करावा, पण तो भिंतीपासून निदान दहा फूट दूर असावा. काळ्या जमिनींत पाणी लवकर मुरत नाहीं, म्हणून तेथें पाणी परसांतील केळी-अळूकडे वळविणें अधिक बरें.

यानंतर भिंतीकडे वळावें. सिमेंटचा गिलावा व तेलाचा रंग ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावा. लोणा कोरड्या कुंच्यानें झाडून घराबाहेर दूर टाकावा. पाण्यानें धुऊं नये, कारण क्षार विरघळून पुन्हां भिंतींत शिरतात. मग भिंत उघडी राहूं द्यावी. भिंत वाळण्यास दर इंच जाडीमागें सुमारें एक महिना लागतो असा अदमास आहे. म्हणजे दीड फुटी भिंतीस दीड वर्ष लागेल. येथें उतावीळ कामाची नाहीं. भिंत वाळल्यावर वीट-दगडास एक भाग मुरलेला चुना व तीन भाग वाळू यांचा गिलावा करावा, वर चुन्याची सफेदी द्यावी. मातीच्या भिंतीस माती, भूस व शेण यांचाच लेप उत्तम.

औषध टोंचून ओल अडविण्याचाहि एक उपाय आहे. भिंतीच्या तळच्या सांध्यांत चार-पांच इंचांवर भोंकें पाडून पाणी न पिणारें रसायन भरतात. सरळ थरांच्या विटकामांत त्याचा उपयोग होतो. दगड-मातीच्या जाड भिंतींत तें सर्वत्र पोंचेल याचा भरंवसा नसतो. म्हणून निचरा सुधारण्यापूर्वीं त्यावर पैसा घालूं नये.

नवें घर बांधणाऱ्यांनीं मात्र हा प्रश्न एकदांच सोडवावा. जोत्याच्या माथ्यावर, बाहेरील जमिनीपासून निदान सहा इंच उंच, भिंतीच्या पूर्ण रुंदीवर दीड इंच जाडीचा दाट काँक्रिटचा अखंड थर द्यावा व त्यावर ऊन डांबराचा हात फिरवावा. पुढें बाहेरचा गिलावा किंवा मातीची भर या थरास ओलांडून जाणार नाहीं, याची खबरदारी घ्यावी. अन्यथा ओल त्यावरूनच वर येईल.

भिंत वाळेपर्यंत धान्य जपलें पाहिजे. पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून दीड हात सोडून रचावींत. ज्वारी-गव्हांत ओलावा शेंकडा १२ हून अधिक असूं नये. डाळी-कडधान्यांत तो शेंकडा १० च्या आंत असावा.

कामाचा क्रम सांगावयाचा तर दिवाळीनंतर पाहणी व रेघा, माघांत माती काढणें व मोऱ्या वळविणें, फाल्गुन-चैत्रांत गिलावा उखडणें, आणि भिंत पुरी वाळल्यावर, दुसऱ्या उन्हाळ्यांत, मृगापूर्वीं नवा चुना. पहिल्या दोन कामांस घरचे चार हात व थोडे दिवस पुरतात. तेवढें याच वर्षीं करावें, रेघा पाहाव्या, आणि गवंड्यास बोलवावयाचें कीं नाहीं हें त्यानंतर ठरवावें.