कोंबडी कोणी नेली? आधी चोर ओळखा, मग बंदोबस्त करा

कापडवाल्याने कोंबड्यांवर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. वाशीत आमच्या दुकानातून अस्तर, धागा, ब्लाउजपीस उधारीवर नेणाऱ्या कितीतरी भगिनी ती उधारी अंड्यांच्या पैशातून फेडतात. परसातल्या आठ-दहा कोंबड्या हेच त्यांचे भांडवल. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६०-७० अंडी देते. ती गेली की तिची किंमत जाते, पुढची अंडी जातात आणि जनावराने मारलेली कोंबडी आपल्याला खाण्यासही चालत नाही. तोटा सोळा आणे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरच्या पाच कोंबड्या चार दिवसांत गेल्या. आम्ही शेजारच्या मांजराला दोष दिला. दोन घरांतले बोलणे बंद झाले. शेवटी घरच्यांनी खुराड्यापुढे चुलीची राख चाळून पसरली. दुपारी घरात सामसूम असताना राखेवर ठसे उमटले. पाच बोटे आणि पुढे नखे! मांजराच्या ठशात बोटे चार दिसतात आणि चालताना नखे उमटत नाहीत. चोर मुंगूस होता. आम्ही शेजारच्या चाचींकडे जाऊन माफी मागितली.

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला, तेव्हा सारा जिल्हा सावध झाला. खुराड्याचे वैरी मात्र लहान असतात आणि रोज येतात. त्यांची ओळख अशी :

१) दिवसा पिल्लू नाहीसे, मागे काहीच खूण नाही : घार, शिकरा किंवा कावळा.

२) दिवसा मान किंवा डोके चावलेली कोंबडी, फुटलेली अंडी : बहुधा मुंगूस.

३) अनेक कोंबड्या फाडून टाकलेल्या, पिसे सर्वत्र, खाल्ले मात्र थोडेच : मोकाट कुत्री.

४) रात्री एखादी कोंबडी उचलून नेली, थोडी पिसे पडलेली : रानमांजर किंवा कोल्हा.

५) अंडी गायब, टरफलही नाही : साप. पिल्लू मेलेले आणि डोके-मान ओलीचिकट, तरीही साप. त्याला ते गिळता आले नाही.

६) खुराड्याच्या कडेला बिळे, लेंड्या, पिल्ले कमी : घूस किंवा उंदीर.

आता बंदोबस्त. कापड घेताना आपण वीण पाहतो, तशीच जाळी घेतानाही पाहावी. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि साप भोकातून शिरतो. अर्धा इंच भोकाची जाड वेल्डमेश जाळी घ्यावी. ती जमिनीत फूटभर पुरावी, म्हणजे कोणी उकरून आत येणार नाही. तळाला शहाबादी फरशी असेल तर घुशीचा प्रश्न मिटतो. नुसती कडी पुरत नाही, तिला खिळा किंवा कुलूप लावावे. मगरिबच्या आधी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात. अंडी रोज उचलावीत, सांडलेले दाणे झाडून काढावेत, कारण दाण्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप येतो. पिल्ले डालग्याखाली ठेवावीत. मोकळ्या जागेवर जुने मासळीचे जाळे ताणले तरी घारीपासून बचाव होतो.

विष मात्र कधीही घालू नये. ते शेजारच्या बकरीच्या किंवा लेकराच्या तोंडी जाऊ शकते. शिवाय मुंगूस, रानमांजर, घार, धामण यांना मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जाळीचा खर्च एकदाच होतो, कोर्टाच्या खेपांना अंत नसतो.

दुकानात माल कमी भरला तर आपण आधी हिशेब तपासतो, मग नोकरावर संशय घेतो. परसातही तोच नियम पाळावा. मूठभर राखेला पैसा लागत नाही. आम्ही ती चार दिवस आधी पसरली असती, तर कोंबड्याही वाचल्या असत्या आणि चाचींचे मनही दुखावले नसते.