आधी विमान, मग बोलणं

उड्डाणाआधी सेस्ना १७२ च्या पंखाखाली वाकायचं, टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. विमानाचं हे पेट्रोल निळसर असतं. पाणी त्याहून जड, त्यामुळे टाकीत शिरलंच असेल तर ते पेल्याच्या तळाशी वेगळं दिसतं. तेच इंजिनात गेलं तर ऐन टेकऑफला इंजिन अडखळू शकतं. म्हणून स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं. विमानांवर कादंबरी लिहायला घेतली आणि मी बारामतीच्या विमानतळावर शिकायला जाऊ लागले. तिथे पहिल्यांदा हाती आला तो हा पेला.

मग प्रोपेलर. किल्ली काढलेली आहे ना, याची खात्री करून पात्याच्या कडेवरून बोट फिरवायचं. धावपट्टीवरचा खडा उडून लागला तर तिथे बारीक खाच पडते. पातं मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतं, सगळा ताण त्या खाचेपाशी गोळा होतो आणि तिथूनच तडा जाऊ शकतो. नेव्हिल शूट हे मुळात विमानांचे इंजिनिअर. त्यांनी १९४८ मध्ये ‘नो हायवे’ ही कादंबरी लिहिली, ती विमानाच्या शेपटीतल्या धातूच्या थकव्यावर, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातूला अशाच जाणाऱ्या तड्यांवर. १९५४ मध्ये दोन कॉमेट जेट विमानं हवेत फुटली आणि तपासात धातूचा थकवाच कारण ठरला. कामाची माहिती असलेल्या लेखकाला कथानक कुठे सापडतं, ते अशा खाचेवर बोट ठेवल्यावर कळतं.

धावपट्टीवर जाण्याआधी इंजिन १८०० फेऱ्यांवर नेऊन मॅग्नेटो तपासतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक बंद केला की फेरे थोडे उतरतात. दीडशेहून जास्त उतरले, तर उड्डाण रद्द. मॅग्नेटो इंजिनाच्याच जोरावर फिरतात, त्यामुळे हवेत बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहतं. दिवे आणि रेडिओ गेलेत, पण विमान उडतंय, असा प्रसंग कादंबरीत खुशाल लिहावा.

सगळ्यात जास्त शिकवलं ते इंजिन बंद पडण्याच्या सरावाने. तीन हजार फुटांवर इन्स्ट्रक्टरनी थ्रॉटल पूर्ण मागे ओढला. “मॅडम, इंजिन गेलं. कुठे उतरवाल?” पहिलं काम, ६८ नॉटचा वेग धरायचा. या वेगाला विमान सर्वांत दूर तरंगत जातं; हजार फूट उतरेपर्यंत साधारण पावणेतीन किलोमीटर. म्हणजे तीन हजार फुटांवरून हाताशी चार मिनिटंही पुरती नाहीत. वेग बसला की ट्रिमचं चाक फिरवून तो तिथेच टिकवायचा आणि मग खाली रान शोधायचं.

बारामतीच्या आसमंतात वरून ऊसच ऊस दिसतो. उभ्या उसात चाकं अडकली तर विमान नाकावर उलटेल. नांगरून टाकलेल्या रानात ढेकळं. हरभरा काढून मोकळं झालेलं लांब रान दिसलं, पण बांधाच्या कडेने विजेचे खांब होते. वरून तारा दिसत नाहीत. खांब दिसले की तारा आहेतच असं धरून चालायचं. त्याच्या पलीकडचं रान घेतलं. वारा कुठून येतोय, हे एका शेतातल्या धुरावरून कळलं. रान ठरल्यावरच इंजिन पुन्हा चालू करायची कामं: पेट्रोलची कळ, मिक्श्चर, मॅग्नेटो. रेडिओवर मदतीसाठी ‘मेडे’ची हाक त्यानंतर. सरांनी थ्रॉटल पुढे केला तेव्हा रानातल्या ओळी मोजता येत होत्या.

आधी विमान उडवा, मग दिशा बघा, शेवटी बोला, असा वैमानिकांचा दंडक आहे. कथा-सिनेमांत मात्र संकट आलं की पायलट पहिल्यांदा रेडिओवर ओरडतो. त्या कॉकपिटमध्ये मला भीती वाटली आणि तरीही एकही वाक्य बोलायला सवड नव्हती. भीती नजरेत होती. ती वेगाच्या काट्यावरून रानाकडे आणि रानावरून काट्याकडे फिरत होती. माझ्या कादंबरीतला तो प्रसंग मी आता संवादांशिवाय लिहिते आहे. नायिकेचा हात आधी कुठे गेला, नजर कशावर थांबली, एवढ्यावर तो उभा राहतो. कॉकपिट कधी न पाहिलेल्या वाचकालाही हातांचा क्रम कळतो.

आज बारामती, धुळे, गोंदियात मुलं-मुली व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण पुरं करायला झटत असतात. यातली कितीतरी आपल्याच घरांतली आहेत आणि मराठी कादंबरीत ती फारशी आलेली नाहीत. ती यायला हवीत, त्यांच्या कामाच्या खऱ्या क्रमासकट. कारण संकटात माणूस आधी काय करतो, यातच त्याचा स्वभाव दिसतो, आणि कादंबरीकाराला शोधायचा असतो तोच.