आज्ञावली पोहोचली, पण चालली का?



किर्लोस्करवाडीचे नाव सातारा-सांगलीकडे कोणाला ठाऊक नाही? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसविली आणि तिथला लोखंडी नांगर गावोगावी गेला. आता पाहा, नांगराचा फाळ आला, दांडी आली, पण एक बोल्ट राहिला, तर ऐन नांगरटीत औत बांधावर पडून राहते. संगणकाच्या आज्ञावलीचे, म्हणजे सोर्स कोडचे, अगदी असेच आहे.

समजा, पाटणच्या एका गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या सरावासाठी पायथन भाषेत आज्ञावली लिहिली आणि जतमधल्या एका बाईंना धाडली. सकाळी मुले गोळा झाली आणि आज्ञावली चालेना! शाळेत संगणक एकच असेल, तर मुलांचा तो तास गेला तो गेलाच.

मग करावे काय? पहिली गोष्ट, आज्ञावली निरोपाच्या मजकुरात चिकटवून पाठवू नये. पायथनमध्ये ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो आणि चिकटवताना तीच जागा गळू शकते. म्हणून आज्ञावली, चित्रे, प्रश्नांची यादी असे सारे एका फोल्डरात घालून झिप फाइल करावी.

दुसरी गोष्ट, ठसा जुळवावा. आपल्या आधार क्रमांकातला बारावा अंक आधीच्या ११ अंकांची पडताळणी करण्यासाठीच असतो, बरे का! तशीच एसएचए-२५६ ही रीत अख्ख्या फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा काढून देते. फाइलमधला एक काना बदलला, तरी ठसा पार बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्समध्ये ‘शा२५६सम’ ही साधने हे काम करतात. गुरुजींनी ठसा वेगळा कळवावा, बाईंनी आपल्याकडे काढून ताडून पाहावा.

पण ठसा जुळला म्हणजे काम झाले, असे समजू नका. जे पाठविले ते जसेच्या तसे आले, एवढेच त्यावरून कळते. मुळात चित्र घालायचेच राहिले असेल, तर ठसा बिचारा काय सांगणार?

म्हणून तिसरी गोष्ट, सोबत एक चिठ्ठी हवी. पायथनची कोणती आवृत्ती लागते, आणखी काय बसवावे लागते, आधी कोणती फाइल चालवायची आणि पडद्यावर काय दिसले पाहिजे, हे तीत लिहावे. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. त्यातल्या ‘प्रिंट’ आज्ञेला कंस लागत नसे. पायथन ३ मध्ये कंस नसला, तर आज्ञावली अडून बसते. मराठी मजकूरही जुन्या फॉन्टात नको, युनिकोडमध्येच असावा. नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर अगम्य चिन्हे उमटायची.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाठविण्यापूर्वी ती झिप फाइल शेजारच्या संगणकावर, जिथे ही आज्ञावली कधी चाललेली नाही अशा ठिकाणी, उघडून चालवून पाहावी. आपल्या संगणकावर सगळे आधीच जागेवर असते, त्यामुळे उणीव दिसत नाही.

घेणाऱ्यानेही नुसते ‘मिळाले’ एवढे कळवू नये. ‘चालविले, पहिला प्रश्न दिसला, गुणही बरोबर आले’ असे कळवावे. तेव्हाच पाटणची मेहनत जतच्या मुलांच्या कामी आली, असे म्हणता येईल.