बदलीवर निघालेली जहाजं

ऑक्टोबर सरत आला की बार्सिलोना, रोमजवळचं चिवितावेक्किया, इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन अशा बंदरांतून मोठमोठी प्रवासी जहाजं एकापाठोपाठ एक अमेरिकेची वाट धरतात. उन्हाळाभर ती भूमध्य समुद्रात आज नेपल्स, उद्या सांतोरिनी अशी फिरलेली असतात. आता तिथे थंडी पडणार, गर्दी ओसरणार. अटलांटिकच्या पल्याड, फ्लोरिडात आणि कॅरिबियन बेटांवर मात्र चक्रीवादळांचे दिवस संपत आलेले असतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला वादळांचा मोसम. तो उतरणीला लागला की पर्यटकांचा मोसम सुरू होतो. म्हणून जहाजांची तिकडे बदली होते. एप्रिल-मेमध्ये तीच जहाजं युरोपात परत येतात. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे आणि पावसाआधी घाट चढून परतणारे धनगर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जिथे हंगाम, तिथे मुक्काम.

या बदलीच्या फेरीला व्यवसायात ‘रिपोझिशनिंग क्रूझ’ म्हणतात. जहाज रिकामं न्यायचं म्हटलं तरी इंधन जाळावंच लागतं, खलाशांचे पगार द्यावेच लागतात. मग खोल्या विकलेल्या काय वाईट? पण विकणं सोपं नसतं. बारा ते सोळा रात्रींचा प्रवास, त्यात सहा-आठ दिवस सलग समुद्र, बंदरं मोजकी, शाळा सुरू असताना निघणारी फेरी, आणि उतरायचं दुसऱ्याच खंडावर. नोकरदार, मुलंबाळंवाली कुटुंबं इथेच गळतात. त्यामुळे भाडं उतरतं. रात्रीमागे हिशेब केला तर ऐन मोसमातल्या दराच्या निम्म्याच्या आसपासही खोली मिळून जाते, आणि त्यात राहणं, दोन वेळचं जेवण, नाश्ता, रात्रीचे कार्यक्रम सगळं येतं.

मी आणि माझे यजमान गेलो ते या स्वस्ताईकडे बघूनच. मुलगी अमेरिकेत, आम्ही दोघंही निवृत्त. तिच्याकडे जायचंच होतं, तर एकदा पाण्यावरून जाऊ, एवढाच विचार होता. आता कुणी विचारलं तर मी भाड्याची गोष्ट शेवटी सांगते. आधी सांगते ती घड्याळाची.

बार्सिलोना आणि मायामी यांच्यात सहा तासांचा फरक आहे. विमान तो एका दमात अंगावर घालतं आणि मग आठवडाभर रात्री तीनला डोळे टक्क उघडे राहतात. जहाज तो फरक सहा रात्रींत वाटून घेतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून पंधरा रेखांश पश्चिमेला सरकलं की घड्याळ एक तास मागे. संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा छापील कागद यायचा आणि त्यावर ठळक अक्षरांत सूचना असायची, की आज रात्री घड्याळं एक तास मागे घ्या. आमची खोली आवरणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. पहिल्या रात्री तो दारात थांबून म्हणाला, “काकी, फोनचो टाइम आपोआप बदलूचो नाय हां. हातान करूक लागतलो.” भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे फोनला बदललेल्या वेळेचा पत्ताच नसतो. मी उशाशी बसून काटे मागे घेतले. सहा रात्री हे केलं. तो दिवस पंचवीस तासांचा व्हायचा. झोप पुरी होऊनही सकाळ शिल्लक असायची. संसारात, नोकरीत चाळीस वर्षं ज्या एका तासासाठी जीव टांगणीला लागलेला असायचा, तो तास त्या सहा रात्री कुणीतरी हातात आणून ठेवत होतं. मायामीला उतरले तेव्हा माझं शरीर तिथल्या सूर्याशी आधीच जुळलेलं होतं.

घड्याळ आणि हा जलमार्ग यांचं नातं जुनं आहे. अठराव्या शतकात आपण समुद्रात पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे खलाशांना खात्रीने कळत नसे. निघाल्या बंदराची वेळ बिनचूक दाखवणारं घड्याळ जहाजावर असेल तर सूर्यावरून काढलेल्या स्थानिक वेळेशी ती ताडून रेखांश काढता येतो, हे ठाऊक होतं. पण डोलणाऱ्या जहाजावर टिकेल असं घड्याळच नव्हतं. ते जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने घडवलं. त्याच्या चौथ्या घड्याळाची चाचणी नोव्हेंबर १७६१ मध्ये निघालेल्या ‘डेप्टफर्ड’ या जहाजावर झाली. वाटेत मदेराचं बेट लागायचं होतं. जहाजावरच्यांच्या हिशेबाने ते अजून दूर असायला हवं होतं. हॅरिसनचा मुलगा विल्यम घड्याळ घेऊन सोबत होता. तो म्हणाला, बेट उद्याच दिसेल. दुसऱ्या दिवशी ते दिसलं. जमैकाला पोचेपर्यंत ते घड्याळ अवघं पाच सेकंद मागे पडलं होतं.

बदलीवर निघालेली बरीच जहाजं आजही मदेराला थांबतात. राजधानी फुंशाल डोंगराच्या कुशीत पसरलेली आहे. वरच्या मोंते भागातून वेताच्या घसरगाड्या उतारावरून खाली येतात आणि पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं त्यांना दोरांनी आवरत पळतात. काही जहाजं त्याऐवजी कॅनरी बेटं घेतात, तर काही पोर्तुगालची अझोर्स बेटं. अझोर्समधल्या साओ मिगेलवर फुर्नास नावाचं गाव आहे. तिथे मांस-भाज्यांची हंडी जमिनीत पुरतात आणि ज्वालामुखीच्या उष्णतेवर ती सहा-सात तासांत शिजते. याच बेटावर गोर्रेयाना नावाचा चहाचा मळा आहे, १८८३ पासूनचा. युरोपात चहा पिकतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मदेरा मागे पडलं आणि मग जमीन नाही. पहिल्या दिवशी मला थोडी भीती वाटली, हे खरं. आमच्या मजल्यावरच्या पडद्यावर नकाशा असायचा: निळ्या पाण्यात एक छोटा ठिपका. जहाज ताशी अठरा-वीस सागरी मैलांनी चाललेलं, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर. गावातून जाणाऱ्या एसटीचा वेग. त्या वेगाने सात-आठ हजार किलोमीटर जायचं. शाळेत अटलांटिक नकाशावर चार बोटं रुंद असायचा. तो किती रुंद आहे हे पाचव्या दिवशीही पाणीच दिसतं तेव्हा कळतं.

या दक्षिणेकडच्या वाटेला व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात. कोलंबस १४९२ मध्ये ६ सप्टेंबरला कॅनरीतल्या ला गोमेराहून निघाला तो याच वाऱ्यांच्या भरवशावर, आणि १२ ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली. आजच्या जहाजाला शिडं नाहीत. तरी वारा मागून येतो आणि त्याचा वेग जवळजवळ जहाजाएवढाच असतो. त्यामुळे एक चमत्कार घडतो. एके सकाळी मी सर्वांत वरच्या डेकवर उभी होते. सगळीकडे लाटांवर पांढरा फेस उधळलेला, म्हणजे वारा सुटलेला होता. पण माझ्या हातातला कागद हलत नव्हता. वारा आणि आम्ही बरोबरीने चाललो होतो. दोनेक दिवसांनी हवा उबदार झाली, अंगावरची शाल गेली. पाण्यावर सारगॅसम शेवाळाचे सोनेरी पट्टे दिसू लागले. जहाजाच्या नाळेने फाडलेल्या पाण्यातून उडणारे मासे निघत आणि पन्नासेक फूट जाऊन पुन्हा बुडी घेत. ते बघायला रोज सकाळी आम्ही पाच-सात जण कठड्याशी जमायचो. भाषा वेगवेगळ्या, पण मासा उडाला की सगळ्यांची बोटं एकाच दिशेला.

दिवस रिकामे जातील या धास्तीने लोक अशा फेरीला बिचकतात. मला ते दिवस भरलेले वाटले. सकाळी व्याख्यान, दुपारी ब्रिजचे डाव, प्रवाशांचाच एक गायनवृंद, ग्रंथालय. बहुतेक सहप्रवासी साठीच्या पुढचे. रोज बंदर लागणाऱ्या फेरीत सगळ्यांना उतरायची घाई असते. इथे उतरायला जागाच नाही, म्हणून माणसं बसून बोलतात. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत जेवणाच्या टेबलावरच्यांची नातवंडं, दुखणी, वारलेली माणसं सगळी एकमेकांना ठाऊक झाली होती.

त्या दिवसांत मला वारंवार आनंदीबाई जोशी आठवत. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा, सोबत घरचं कुणी नाही, पुढे फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण. त्यांनी ओलांडला तोही अटलांटिकच, अधिक उत्तरेकडचा आणि अधिक थंड. माझ्या खोलीत गरम पाण्याचा नळ होता आणि दोन वेळचं शाकाहारी जेवण होतं. तरी रात्री खिडकीबाहेरचा काळोख बघून पोटात खड्डा पडायचा. त्या मुलीच्या धैर्याचं माप मला पुस्तकांतून लागलं नव्हतं, ते तिथे लागलं.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर प्रवासी जेट विमानं सुरू झाली आणि काही वर्षांतच जहाजाने महासागर ओलांडणं जवळजवळ संपलं. ठरावीक मोसमात साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क नियमित जाणारं एकच मोठं जहाज उरलं आहे, ‘क्वीन मेरी २’, सात रात्रींचं. बाकी समुद्र ओलांडायचा तर बदलीवरच्या जहाजांचाच आधार. अलास्काचा मोसम सप्टेंबरअखेर आटोपला की तिथली जहाजं कुणी पनामा कालव्यातून कॅरिबियनला, तर कुणी हवाईमार्गे ऑस्ट्रेलियाला जातात. हवाईची फेरी बहुधा कॅनडातल्या व्हँकूव्हरहून निघते, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांमध्ये सरळ प्रवासी वाहतूक करता येत नाही. पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पश्चिमेकडे जाताना कॅलेंडरातला एक दिवस गळतो आणि पूर्वेकडे येताना एकच तारीख दोनदा येते. युरोपातून सुएझमार्गे दुबई-सिंगापूरकडे येणाऱ्या फेऱ्यांची घडी मात्र २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी विस्कटली आणि पुष्कळ जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला.

आपल्या किनाऱ्याला हंगामाचा हा हिशेब नवा नाही. कोकणची बोट पावसाळ्यात बंद असायची आणि समुद्र निवळल्यावर पुन्हा सुरू व्हायची, हे आमच्या आईच्या पिढीचं पंचांगच होतं. मुंबईहून फेऱ्या करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज जून २०२२ मध्ये चेन्नईला गेलं आणि तिथून फेऱ्या करू लागलं, कारण तेव्हा पश्चिम किनारा खवळलेला असतो. आणि जगभरच्या जहाजांवर गोव्याचे, सिंधुदुर्गाचे, रत्नागिरीचे शेकडो तरुण आहेत. आमच्या वेंगुर्लेकराचा करार आठ महिन्यांचा होता. आम्हाला जी समुद्रातली निवांत दिवसांची रांग वाटत होती, ती त्याच्यासाठी सुट्टी नसलेली रांग होती. बंदर नाही म्हणजे त्याला घरी फोन लावायला किनाराही नाही. अशा फेरीला जाणाऱ्यांनी हे डोळ्यांआड करू नये.

आता व्यवहाराचं. जहाजाचं भाडं कमी, पण परतीचं विमान वेगळं. मुंबई-बार्सिलोना आणि मायामी-मुंबई असं एकाच तिकिटावर ‘मल्टि-सिटी’ काढलं तर दोन सुटी तिकिटं घेण्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आणि अमेरिकेचा व्हिसा दोन्ही आधीच हातात हवेत; त्याशिवाय जहाजावर चढू देत नाहीत. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर सेवाशुल्क म्हणून दरडोई रोज काही डॉलर लागतात, इंटरनेटचे पैसे निराळे. एकट्या प्रवाशाला बहुतेक वेळा पूर्ण खोलीचं भाडं भरावं लागतं. हेलकाव्यांचा त्रास होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यातली खोली मागावी. तिथे डोलणं सर्वांत कमी जाणवतं. लाटा मोठ्या असतील तर कप्तान अझोर्ससारखं बंदर वगळू शकतो, त्याची मनाची तयारी ठेवावी.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नयेत. जहाजावर डॉक्टर असतो, पण अटलांटिकच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोचत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आपल्या डॉक्टरांना सहा-आठ दिवस किनारा नाही हे स्पष्ट सांगून मगच ठरवावं, औषधं दुप्पट न्यावीत आणि विमा पूर्ण वाचून घ्यावा. आणि जहाज हे पर्यावरणाला विमानापेक्षा हलकं असतं या समजुतीने जाऊ नये. तरण तलाव, स्वयंपाकघरं, धोबीखाना यांच्यासकट एक अख्खं हॉटेल समुद्रापार न्यायला माणशी विमानापेक्षा जास्त इंधन लागतं. जहाज तसंही जाणारच होतं, हे खरं. पण ते जातं ते खोल्या विकल्या जातात म्हणूनही.

पहिल्यांदाच जाणार असाल तर एप्रिल-मेची पूर्वेकडची फेरी घेऊ नका. तिच्यात घड्याळ पुन्हा पुन्हा पुढे न्यावं लागतं आणि तो दिवस तेवीस तासांचा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरची, युरोपातून अमेरिकेकडे जाणारी घ्या.