लेक नौदलात गेला; घराने काय करावे?

वसमतच्या शिवारात हळद पिकते, ऊस पिकतो. हळदीचा बाजार तर दूरवर प्रसिद्ध आहे. पण समुद्र इथून फार लांब. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेलासुद्धा नाही. अशा गावातला मुलगा नौदलात गेला, की घराला आनंद होतो आणि घोरही लागतो. पोरगं कुठं असेल? फोन का करत नाही? माउलीचं काळीज थाऱ्यावर राहत नाही. म्हणून या पाठात आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

पहिली शिकवण

नौदलात नव्याने गेलेल्या खलाशांची पहिली शिकवण ओडिशा राज्यात चिल्का येथे होते. चिल्का हे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठी नौदलाचे ठाणे आहे. वसमतहून ते हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथे कवायत, पोहणे, हत्यार चालवणे आणि शिस्त शिकवतात.

2022 साली सरकारने अग्निवीरांसाठी अग्निपथ योजना काढली. तिची पहिली तुकडी 28 मार्च 2023 रोजी चिल्का येथून शिकून बाहेर पडली. तीत अडीच हजारांवर तरुण होते, आणि मुलीही होत्या. तेव्हा हा पाठ लेकीच्या आईबापांनीही वाचावा.

नावावरून घोटाळा नको

चिल्का सुटल्यावर मुलगा कळवतो, "आई, मी आय.एन.एस. शिवाजीवर आहे." आईला वाटते, पोरगा समुद्रात गेला! पण आय.एन.एस. शिवाजी हे जहाज नाही. ते लोणावळ्याच्या डोंगरात आहे. तिथे जहाजाच्या इंजिनाचे काम शिकवतात. जामनगरला आय.एन.एस. वलसुरा आहे. तिथे विजेचे काम शिकवतात. नौदल आपल्या जमिनीवरच्या ठाण्यांनाही जहाजासारखीच नावे देते. चिल्कानंतर आधी असा धंदा शिकायचा, मग जहाजावर जायचे, अशी साधारण रीत आहे.

फोन आला नाही तर

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले, की मोबाइल लागत नाही. कधी कधी बरेच दिवस खबर येत नाही. याचा अर्थ मुलगा आजारी आहे किंवा रुसला आहे, असा नाही. तो कामावर आहे, एवढाच अर्थ धरावा.

अशा वेळी पत्र कामी येते. जहाजावरच्या माणसाला पत्र कसे पोचते? मुंबई, कोची, विशाखापट्टणम अशा ठिकाणी नौदलाचे टपाल कार्यालय असते. त्याला फ्लीट मेल ऑफिस म्हणतात. पत्रावर मुलाचे नाव, त्याचा नंबर, जहाजाचे नाव आणि या कार्यालयाचा पत्ता घालावा. पुढचे काम ते कार्यालय करते. पूर्ण पत्ता मुलाकडूनच लिहून घ्यावा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा आईच्या हातच्या दोन वाकड्या ओळी मुलाला जास्त गोड लागतील.

पत्रात काय लिहावे? हळद काढली, गाय व्याली, आजीचा गुडघा बरा आहे, असे साधे लिहावे. भावकीचे भांडण मुलाला दूर बसून सोडवता येत नाही. त्याचा फक्त जीव खालीवर होतो. पण घरात कोणी फार आजारी असेल, तर मात्र लपवू नये. मुलाच्या वर त्याची विचारपूस करणारा एक अधिकारी असतो. त्याला डिव्हिजनल ऑफिसर म्हणतात. त्याचा फोन नंबर मुलाकडून आधीच घेऊन वहीत लिहून ठेवावा. अडीअडचणीला तो उपयोगी पडतो.

तोंडाला कुलूप हवे

जहाज कुठे आहे, कधी निघणार, हे चावडीवर, एसटीत किंवा मोबाइलवर बोलू नये. मुलाचा गणवेशातला फोटो जहाजाच्या नावासकट सगळीकडे पाठवू नये. डिसेंबर 2019 मध्ये नौदलाच्या सात खलाशांना अटक झाली. मोबाइलवर ओळख वाढवून त्यांच्याकडून माहिती काढून घेतली, असा आरोप होता. त्यानंतर त्याच महिन्यात नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी घातली. गोड बोलून माहिती काढणारा माणूस उद्या घरच्यांनाही फोन करील. "तुमच्या मुलाचा मित्र बोलतोय," असेही म्हणेल. त्याला काही सांगू नये.

चार वर्षांचा हिशेब

अग्निवीराची नोकरी चार वर्षांची असते. शंभरांतले जास्तीत जास्त पंचवीस जण पुढे कायम होतात. 2022 च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये पगार ठरला. त्यातले 9,000 रुपये सेवानिधीत कापले जातात, हाती 21,000 येतात. जेवढे कापले जातात तेवढीच भर सरकार घालते. चार वर्षांनी दहा लाखांवर रक्कम आणि तिचे व्याज मिळते. पेन्शन मात्र नाही.

म्हणून आमचे सांगणे असे : मुलाच्या पगाराच्या भरवशावर सात वर्षांचा ट्रॅक्टरचा हप्ता बांधू नका. नोकरी चार वर्षांत सरली, तर हप्ता कोण भरणार? जे पैसे तो घरी पाठवील, ते आधी बँकेत ठेवा. त्याने शिकलेले काम आणि ही शिल्लक, या दोन्हींवर त्याला पुढे उभे राहायचे आहे.

हळद लावण्याची घाई नको

मुलगा रजेवर आला, की पाव्हणे स्थळे आणतात. हळद पिकवणाऱ्या गावाला हळद लावण्याची हौस असतेच! पण थांबा. नौदलाच्या नियमाप्रमाणे अग्निवीराला चार वर्षांत लग्न करता येत नाही. केले तर नोकरी जाते. गुपचूप उरकू, कोणाला कळणार, असे म्हणू नये. घरच्यांच्या हौसेपायी पोराची मेहनत वाया जाईल.

रजा थोडी असते. त्याला दोन दिवस पोटभर झोपू द्या. त्याची बोलण्याचालण्याची रीत थोडी बदललेली दिसेल. त्याला हसू नका, आणि "साहेब झाला" असे टोचूनही बोलू नका. तो बोलेल तेव्हा ऐका. काही विचारूनही तो सांगणार नाही, तेव्हा ते सांगायचे नसेल असे समजा. निघताना त्याला हसतमुखाने निरोप द्या.

विचार करा आणि लिहा

1. आय.एन.एस. शिवाजी कोठे आहे? तिथे काय शिकवतात?
2. जहाजावरच्या माणसाला पत्र कसे पाठवावे?
3. मुलाच्या पगारावर लांबचा हप्ता का बांधू नये?
4. आपल्या गावातल्या एखाद्या जवानाला पाच ओळींचे पत्र लिहा.